शेवटची ओळ

सायबर कॅफे नवे होते तेव्हाची गोष्ट. डोळखांबकडच्या आमच्या गावात ग्रामसभेत बाई बोलायला उठली की आधी विचारत, "कोणाची सून गो तू?" मी धरणाच्या पाण्याचं विचारलं, तर उपसरपंच म्हणाले, "नवऱ्याला धाड. तू बस खाली."

बसले. पण शहापूरच्या कॅफेत जाऊन इंटरनेटवर तालुक्याच्या चर्चेच्या पानावर तेच लिहिलं, 'एक गावकरी' या नावाने: धरण आमच्या हद्दीत, मग उन्हाळ्यात आम्हाला टँकर का? लोक तुटून पडले. 'भाऊ, पाइपलाइनचा खर्च कोण करणार?' शिव्याही पडल्या, पण माझ्या मुद्द्याला. माझं सासर कोणी काढलं नाही. निनावी लिहिणारे भेकड असतात म्हणे! मला तर नाव झाकल्यावरच उत्तरं मिळाली.

पुढच्या ग्रामसभेत कोणीतरी त्याच मजकुराचा छापील कागद उपसरपंचांच्या हातात दिला. "बघा, शिकलेला मानूस कसा लिवतो!" म्हणत त्यांनी तो मोठ्याने वाचला. शेवटच्या ओळीशी मात्र ते थांबले आणि कागदाची घडी घालू लागले.

मी उभी राहिले. ती ओळ मला पाठ होती: "हाच प्रश्न मी ग्रामसभेत विचारला, तेव्हा मला खाली बसवलं."