दर अजून ठरलेला नाही

२०१० चा जानेवारी. ठरलेली रक्कम तीन हजार, पैकी निम्मी आगाऊ मिळालेली. गुलबर्ग्याच्या तूरबाजारातल्या एका अडत दुकानात आम्ही चौघे होतो: मालक, त्यांचे मुनीम, माझी मुलगी आणि तिच्या सोबतीला मी. मुलगी बीसीएच्या शेवटच्या वर्षाला होती. शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या काढण्यासाठी तिने दुकानाला एक वेब पान करून दिले होते. आठ दिवस पट्ट्या बिनचूक निघाल्या तर उरलेले पंधराशे मिळायचे. तिची परीक्षा फी त्यावरच होती.

सहाव्या दिवशी कडगंचीचे एक शेतकरी पट्टी घेऊन आले. तूर सात क्विंटल, दर एक रुपया, हमाली चौऱ्याऐंशी. शेतकऱ्याकडून येणे सत्त्याहत्तर.

“माल बी माझा अन् देणं बी माझंच?” त्यांनी विचारले.

मालक मुलीकडे वळले. “अक्का, सत्त्याहत्तर वसूल करू का सोडून देऊ?”

मी आकडे पडताळले. वजाबाकी बरोबर होती. मुलीने मुनिमांना विचारले, “अप्पा, दर एक कामून टाकलाव?”

“लिलाव दुपारी. सकाळी माल नोंदवताना दर कुठून आणू? रकाना मोकळा ठेवला की तुमचं पान लाल अक्षरात ‘चूक’ म्हणून अडवायलंय. एक टाकला की जाऊ देतंय.”

लिलावानंतर ते दर बदलत. ही एक पट्टी राहून गेली होती; ती त्यांनी तिथेच सुधारून दिली.

घरी मुलीने मला समजावले. मोकळा रकाना संगणक शून्य धरतो, म्हणून शून्य दिसताच पानाने चूक ‘फेकावी’, म्हणजे चुकीचा इशारा द्यावा, अशी सोय तिने केली होती. पण वजन चुको की दर नसो, फेकली जाणारी चूक एकच होती आणि ती ‘झेलल्यावर’, म्हणजे तो इशारा मिळाल्यावर, करायचे कामही एकच, अडवणे. आता तिने चुकांचे दोन वेगळे प्रकार केले. ‘वजन चुकले’ ही चूक झेलली की पूर्वीसारखेच अडवायचे. ‘दर अजून ठरलेला नाही’ झेलली की नोंद ठेवून घ्यायची, पट्टी मात्र दर येईपर्यंत छापायची नाही.

मालकांनी आठ दिवस नव्याने मोजले. फीची मुदत नेमकी आठव्या दिवशी संपत होती. मुनिमांनी रोज दराचा रकाना मोकळा ठेवला. एकही पट्टी परत आली नाही. आठव्या दिवशी कडगंचीचे शेतकरी दुसरी खेप घेऊन आले होते. त्यांच्यादेखत मालकांनी मुलीला पंधराशे दिले. त्यातले तीस तिने त्या शेतकऱ्यांना चुकीच्या पट्टीपायी झालेल्या हेलपाट्याचे बसभाडे म्हणून दिले. उरलेल्या पैशांतून दुपारी कॉलेजात फी भरली.