जांभळं बूच, पिवळं बूच

खराब गुडघे आमच्या खानदानात वारशाने येतात. जमीन आली असती तर बरं झालं असतं. मी देवासला, थोरला दादा धारला, आणि दोघांनी एकाच महिन्यात पीआरपी करून घेतलं. म्हणजे आपलंच रक्त काढायचं, यंत्रात गरागरा फिरवायचं, त्यातला प्लेटलेटवाला भाग वेगळा करून गुडघ्यात टोचायचा. स्वतःचंच रक्त पैसे देऊन परत घ्यायचं! हा धंदा ज्याने काढला त्याला साष्टांग दंडवत.

दादाची खरी अडचण वेगळी होती. उकिडवं बसलं की त्याला उठता येईना आणि घरात देशी लॅट्रिन. कमोडचं नाव काढलं की उखडायचा. खुर्चीवर बसून करायला मी काय साहेब आहे काय, म्हणायचा. वहिनीने विषयच सोडून दिला होता. सगळी मदार त्या इंजेक्शनवर.

सुईनंतर त्याने प्लेटलेटचा रिपोर्ट घरच्या ग्रुपवर टाकला, पोराचा बोर्डाचा निकाल टाकावा तसा. माझा आकडा त्याच्यापुढे अगदीच केविलवाणा. तू लहानपणापासून असाच, असं वर लिहिलंही. माझं डोकं सणकलं. तडक आमच्या डॉक्टरीणबाईंना जाऊन विचारलं.

त्या म्हणाल्या, रक्त गोठू नये म्हणून नळीत औषध असतं. जांभळ्या बुचाच्या नळीतलं औषध मोजणीला उत्तम, आकडा भरघोस येतो. पण त्यात प्लेटलेट फुगतात आणि पुढे कामाला कमी पडू शकतात. माझं रक्त त्यांनी पिवळ्या बुचाच्या नळीत घेतलं होतं. त्यातलं औषध प्लेटलेटना शांत ठेवतं, पण आंबट, म्हणून सुई झोंबते. झोंबली होतीच, टेबलावर मी आईच्या नावाने बोंबललो होतो. सगळा दोष नळीचाच असतो असं नाही, हेही त्या म्हणाल्या. ते मी सोयीने ऐकलं नाही.

रविवारी धारची बस पकडली. चहा व्हायच्या आत विचारलं, बूच कुठल्या रंगाचं होतं? जांभळं, दादा ऐटीत म्हणाला. झालं, मी सुटलो. म्हटलं, तुझ्या प्लेटलेट म्हणजे लग्नातले वऱ्हाडी, मोजायला ढीगभर, कामाला एक नाही. आता हा भडकणार म्हणून मी वाट बघत होतो. त्याने वहिनीला चहासाठी हाक मारली.

संध्याकाळी वहिनीने दोन ताटं मांडली. दादाने आपलं सरकवून दिलं. डायटिंग का रे, मी डिवचलं. वहिनी आत जाईपर्यंत तो थांबला.

"दिवाळीपासून रात्रीचं जेवत नाही. सकाळी बसायला लागू नये म्हणून. हिला कारण सांगू नकोस."

माझा सगळा माज उतरला. ज्याच्या धाकाने गल्लीतली पोरं चिडीचूप व्हायची तो माणूस भूक मारत होता, आणि मी बुचांचे रंग घेऊन भांडायला आलो होतो. रडू आलं, आणि दादाचा रागही आला.

"जेव," मी म्हटलं. "सकाळी मी दाराबाहेर उभा राहतो. हाक मार, उचलतो."

"तुझे गुडघे धड आहेत का, भिया?"

"दोघांचे मिळून एक तरी निघेल."

त्याने ताट ओढलं. पोळ्या खाल्ल्या, वरणभात खाल्ला, वर वाटीभर सेवही. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही.

सकाळी मी पेपर घेऊन संडासाच्या दाराशी उभा राहिलो. इथे काय करताय भावजी, वहिनीने विचारलं. उजेड चांगला आहे, म्हटलं. ती हसत अंगणात गेली. माझा पेपर वाचून संपला. मग कडी सरकली आणि दादाने बसल्या जागेवरूनच हळूच हाक मारली.