निळ्या ड्रमची बोली

भूकंपात अणुभट्टीला अपघात झाला, त्यानंतर आम्ही कावासाकीत अणुवीजविरोधी मोर्चे काढत होतो. रविवारच्या मोर्चासाठी मला ड्रम हवा होता. जुन्या वस्तूंच्या दुकानाने एक जुना निळा ड्रम ऑनलाइन लिलावात काढला होता. पण कुणीतरी शेवटच्या मिनिटाला बोली वाढवायचं, की मुदतही वाढायची. चिडून चिडून शेवटी मी हरलो.

रविवारी तोच ड्रम मोर्चात एका आजोबांच्या गळ्यात दिसला. थोडं वाजवून ते चष्मा सावरत होते. लिलावाचा जाब मी तिथेच विचारला.

“तो हट्टी माणूस तुम्हीच होय?” ते म्हणाले. “मला वाटलं, कुणी श्रीमंत शौकीन कपाटात ठेवायला नेतोय.”

मलाही अगदी तेच वाटलं होतं. एकाच मोर्चातल्या दोघांनी भांडून दुकानदाराची चांदी केली होती.

त्यांनी ड्रमची एक काठी माझ्या हातात दिली. पहिला ठोका मी रागानेच मारला.