मोठ्या बाईंची अट

मोठ्या बाई मुलाचं तोंड नंतर पाहायच्या, आधी दंड. नारायण पेठेतल्या त्या शाळेत प्रवेशाला आलेल्या प्रत्येक पोराची बाही वर करून त्या लशीचा वण चाचपत, मग आईबापांकडे लशींचं कार्ड मागत. काही राहिलं असेल तर, "टोचून या. शाळा कुठे पळून जात नाही," एवढंच सांगत. गोड बोलणं त्यांना कधी जमलं नाही.

माझ्या लेकीचा, ईराचा, सगळा भरवसा या अटीवर होता. तिच्या रक्ताच्या आजारावर औषधं चालू होती, त्यामुळे गोवराची लस तिला देता येत नव्हती. इतर शाळांनी "बघू" म्हणून वाटेला लावलं होतं. बाई म्हणाल्या, "हिला टोचता येत नाही ना? मग बाकीच्या सगळ्यांना टोचलेलं पाहिजे. ते माझ्याकडे." मला रडू फुटलं. "रडायचं तर व्हरांड्यात. इथे मुलं आहेत."

पुढच्या वर्षी खराडीच्या कुठल्याशा कंपनीतले एक साहेब आले, संस्थेच्या अध्यक्षांचे जावई. वशिला इतका पक्का, की पेढे आधीच आणलेले. मुलाच्या दंडावर वण नव्हता आणि बापाला त्याचाच अभिमान.

"मॅडम, आम्ही नॅचरल इम्युनिटी बिल्ड करतोय. आणि हे कम्पल्सरी आहे असं लॉमध्ये कुठंय?"

"आपण शिकलात कुठे?"

"अमेरिकेत."

"तिथल्या विद्यापीठाने लशी मागितल्या असतील."

"हो, घेतल्या ना. तिकडे रूल असतो."

"इथेही आहे. अहो, पेढे घेऊन जा. टोचल्यावर चिरंजीव रडतील, तेव्हा भरवा."

परक्या देशात मुकाट बाही वर करणाऱ्या या शूराने घरी जाऊन सासऱ्यांकडे रडगाणं गायलं. अध्यक्षांनी बाईंना मुदतीआधीच घरी बसवलं आणि निरोप समारंभात त्यांच्या शिस्तीचं तोंडभर कौतुक केलं. लाज अशी नव्हतीच. नव्या मुख्याध्यापिका फार समजूतदार निघाल्या. साहेबांच्या मुलाला लगेच प्रवेश मिळाला आणि त्याच दिवशी मी ईराला शाळेतून काढून घरी आणलं. मला त्या माणसांचा आजही संताप येतो.

त्यानंतरच्या सोमवारी दुपारी बेल वाजली. दारात मोठ्या बाई, हातात पाटी आणि अंकलिपी. ईरा त्यांच्याकडे धावत सुटली.

"थांब," बाई बाहेरूनच म्हणाल्या. त्यांनी स्वतःची बाही वर केली. दंडावर छोटी पट्टी चिकटवलेली होती. "आधीच्या सगळ्या झाल्यात. फ्लूची राहिली होती, तीही टोचून आलेय. आधी बघ, मग आत घे."

ईराने गंभीरपणे, अगदी बाईंसारखाच, त्यांचा दंड चाचपला.

"या," ती म्हणाली.