दंडातली गाठ

हॉस्पिटलच्या तळघरात कापेकाका एकतीस वर्षं माणसांच्या गाठी कापत होते. मेणात बसवलेल्या तुकड्याचे कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ काप काढायचे, काचेवर चढवायचे, रंगवायचे आणि रंग नीट बसलाय का एवढंच सूक्ष्मदर्शकातून पाहायचं. पुढचं काम डॉक्टरबाईंचं. रोगाविषयी काकांनी कधी तोंड उघडलं नव्हतं. नातेवाईक दारात येऊन गयावया करायचे, तेव्हाही ते म्हणायचे, "मी फक्त कापतो."

पण डोळे काही मिटून ठेवता येत नाहीत. शरीरात शिरलेले जंत त्यांनी ढिगाने पाहिले होते, आणि त्यांच्याशी वागायची प्रत्येक अवयवाची तऱ्हा वेगळी, हे कुणी न शिकवता त्यांच्या ध्यानात आलं होतं. आतडं बुळबुळीत पाणी सोडून आगंतुकाला बाहेर ढकलायला बघतं. यकृत जंतांच्या अंड्यांभोवती पेशींची भिंत बांधून मोकळं होतं. डोळा मूग गिळून बसतो, कारण तिथे भांडण झालं तर नजरच जायची. स्नायूत मात्र जंत धडधाकट असेपर्यंत कुणी ढुंकून पाहत नाही. तो मरायला टेकला की सगळे धावून येतात. काकांच्या थोरल्या चुलत्यांच्या वेळी नातेवाइकांचंही असंच झालं होतं.

त्या शुक्रवारी ट्रेमधल्या एका डबीवर त्यांच्या बायकोचं नाव होतं. दंडातली वाटाण्याएवढी गाठ. वर्षभर गप्प होती, दोन आठवड्यांपासून ठणकत होती. बायकोची आई कॅन्सरच्या अशाच एका गाठीने गेली होती, त्यामुळे कपाटात कुठे काय आहे ते बायकोने सुनेला दाखवूनही ठेवलं होतं. ही डबी दुसऱ्या कुणाला द्या, असं काकांना सांगता आलं असतं. सांगितलं नाही. पहिले तीन काप फाटले. असं गेल्या वीस वर्षांत झालं नव्हतं.

चौथा नीट आला. त्यात पिशवीत घडी घालून बसलेला जंत होता आणि भोवती धावून आलेल्या लाल दाण्यांच्या पेशींची ही गर्दी. रंग एकदा पाहिला की पुरतं; काकांनी पाच वेळा पाहिला. डॉक्टरबाई रजेवर होत्या, रिपोर्ट सोमवारी मिळणार होता.

घरी बायको कोबी चिरायला बसली होती.

"काही कळलं?"

"मी फक्त..." काका थांबले. भीती त्यांनाही कमी वाटली नव्हती. "कॅन्सर नाहीये. जंत आहे. मरायला टेकलाय."

ती म्हणाली, "दंडात जंत? आला कुठून?"

"बहुतेक नीट न धुतलेल्या भाजीतून," काका जाणकाराच्या थाटात म्हणाले. "अंडी पानांना चिकटलेली असतात."

तिने सुरी खाली ठेवली. "या घरात लग्नापासून भाजी तुम्ही धुताय."

काकांनी आठवून पाहिलं. खरं होतं. इतका आनंद त्यांना आयुष्यात कधी झाला नव्हता, आणि इतकी लाजही वाटली नव्हती. ते कोबी उचलून नळाशी गेले.

"पानं सुटी करून धुवा," ती डोळे पुसत मागून म्हणाली.