फळाआधी सांगितलेलं नाव

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं ठरवलं, कारण तेव्हा भंडाऱ्यातल्या तलावांचं पाणी मागे सरलेलं असतं. ओल्या काठावर मोथ्याच्या कुळातल्या वनस्पती उभ्या असतात. त्यांना फळ धरलेलं असतं.

फळ म्हणजे आंबा-पेरू नव्हे. मोहरीहून लहान, कोरडं, आपणहून न फुटणारं, आत एकच बी. लोक त्यालाच बी म्हणतात. पुस्तकात कृत्स्नफळ असा शब्द आहे. एकदांडीचं फळ केसांची छत्री घेऊन उडतं. माक्याचं काळपट आणि खरबरीत असतं. मोथ्याचं बहुधा तीन धारांचं. रोप वाळतं, पान कुजतं, फळ तसंच राहतं. म्हणून मी रानातली रोपं फळावरून ओळखतो. पानावरून नाव सांगत नाही. निदान तेव्हापर्यंत तसं समजत होतो.

पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून गोंदियाकडच्या पॅसेंजरने तुमसर रोड. स्टेशनवरून तुमसर गावात शेअर ऑटो जाते, वीस रुपये. बसस्थानकाबाहेर तर्री-पोहे खाऊन घ्या, पुढे दुपारपर्यंत काही मिळेलच असं नाही. सिहोऱ्याची बस भरल्याशिवाय हलत नाही. रस्ता बरा आहे. दोन्ही बाजूंना चिखल केलेल्या बांध्या, म्हणजे धानाची छोटी शेतं. कडेला उन्हाळी धानाचे पोपटी परे, रोवायला तयार झालेली रोपं.

सिहोऱ्यात राहायची सोय माझ्या कॉलेजातल्या सहकारी सुनंदा यांच्या आईकडे होती. यशोदाबाई. वय साठीच्या आसपास. घर दोन खोल्यांचं, नवा स्लॅब, दर्शनी भिंतीवर बुद्धाची तसबीर. मी नमस्कार म्हटलं, त्यांनी जय भीम म्हटलं, आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. धाकटी सून प्रतिभा अंगणवाडीत काम करते. जेवायला भात, वरण आणि लाखोरीच्या डाळीचे वडे होते. वडे मी सहा खाल्ले.

यशोदाबाई रोवण्याच्या, म्हणजे धानलावणीच्या, टोळीच्या म्होरक्या आहेत. अठरा बाया त्यांच्या मागे ओळीने चिखलात उतरतात. शिवाय गावातल्या बाया पाला विचारायला त्यांच्याकडेच येतात. खोकल्याला हा, गळवाला तो. मी अंगणात बसलो होतो तेवढ्यात दोघी येऊन गेल्या. एकीला त्यांनी पाला दिला, दुसरीला झापलं. "दवाखान्यात जाय आधी. मी काय देव हाव?"

त्यांचा स्वतःचा गुडघा मात्र सुजला होता. रोवणा दोन दिवसांवर आला होता.

संध्याकाळी नहरावरून, म्हणजे कालव्यावरून, त्या एक जुडी घेऊन आल्या. कोथिंबिरीसारखी कातरलेली, पण जाडसर, चकचकीत पानं. देठ पोकळ.

"भाऊ, तुमी झाडंपाल्याचे मास्तर. हा कोन्ता पाला? आमची माय गुडघ्याले असाच बांधत होती. पन हाच का दुसरा, मले आता आठवत नाही."

मी जुडी हातात घेतली. फूल नव्हतं, फळ नव्हतं. पान चुरगाळून हुंगलं. वास जवळजवळ नव्हता. प्रतिभा दारात उभी होती. शेजारच्या साळूबाई कुंपणाशी येऊन थांबल्या होत्या. तिघी माझ्याकडे बघत होत्या.

"अजमोद्याच्या जातीचा दिसतो," मी म्हणालो. "अपाय काही नाही."

वाक्य इतकंच. ते बोलायला लागला तेवढा वेळही मी विचार केला नव्हता.

दुसऱ्या दिवशी पहाटे सायकल घेऊन चांदपूरच्या तलावावर गेलो. जाणाऱ्यांसाठी सांगतो, सायकल गावात मागितली तर कुणीही देतं, आणि सकाळी आठच्या आत काठावर पोचा. नंतर ऊन पाण्यावरून डोळ्यांत येतं आणि भिंगातून काही दिसत नाही. जुने बूट घाला. गाळ घोट्यापर्यंत ओढतो.

पहिले दोन तास आनंदाचे होते. हातभर जागेत मोथ्याची चार वेगळी फळं मिळाली. एक तीन धारांचं, मधासारख्या रंगाचं. एक चपटं, काळं, पॉलिश केल्यासारखं. एकाच्या अंगावर आडव्या लाटा. कागदाच्या पुड्या करून त्यावर लिहीत होतो. जाळं सोडवत बसलेले एक मासेमार, सुखदेवभाऊ, बराच वेळ बघत होते.

"काय गवसलं?"

"गवताचं फळ."

"पुन्यावरून गवत पाहाले आले? आमच्या इथं म्हशीबी त्याच्याकडे पाहात नाही." मग जाळं बाजूला ठेवून, "चाय पेता काय?"

चहा पिऊन सांडव्याच्या खालच्या ओघळाशी गेलो. तिथे तीच पानं होती. तीच कोथिंबिरीसारखी कातर, तोच पोकळ देठ. पण इथे ऊन जास्त, त्यामुळे रोपं पुढे गेलेली. बारीक पिवळी फुलं होती, आणि फुलं गळलेल्या जागी बोंडं. कच्च्या तुतीसारखी लांबट, हिरवी, करंगळीच्या नखाएवढी.

भिंग लावलं. बोंडावर शेकडो बारीक दाणे दाटीने चिकटलेले. एक नखाने सुटा केला. अजमोद्याचं फळ पिकलं की दोन फाकांत दुभंगतं. धणा दुभंगतो तसं. हे दुभंगत नव्हतं. एक फळ, एक बी, असे शेकडो एका दांड्यावर.

अजमोदा नव्हता. जलधनिया होता. कातडीवर ठेवला तर फोड आणतो, पोटात गेला तर आतडं जाळतो. हे मला पंधरा वर्षांपासून माहीत होतं.

तरी पान मोडून त्याचा रस ओठाच्या कोपऱ्याला लावला. तुम्ही असं करू नका. थोड्या वेळाने तिथे निखारा ठेवल्यासारखं झालं.

यशोदाबाईंना फोन लावला. वाजत राहिला. प्रतिभाचा बंद होता. सुखदेवभाऊंनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता मोटरसायकल काढली. सायकल तिथेच पडून राहिली.

घरात कुणी नव्हतं. चुलीजवळ पाटा होता, वरवंट्याला हिरवं लागलेलं. यशोदाबाई नहराकाठच्या बांधीवर होत्या. धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, बसून परे मोजून जुड्या बांधत होत्या. गुडघ्याला जुन्या लुगड्याची पट्टी.

"मावशी, सोडा ते."

"काहून? गुन येऊन राहिला ना. रातभर जळजळलं. म्हटलं, दुखणं ओढून राहिला पाला."

मीच पट्टी सोडली. आतलं कापड कातडीसकट सुटलं. गुडघ्याभर फोड होते, काही टपोरे, काही फुटून पाणी गळत असलेले. त्याखाली मांस लाल होतं. मी माणसाचा पाय असा कधी पाहिला नव्हता. हातातली पट्टी कुठे ठेवायची ते कळेना.

कुणीतरी निरोप दिला तशी प्रतिभा अंगणवाडीतून धावत आली. तिने सासूचा पाय पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं.

"शुगर आहे हो आईंले," ती म्हणाली. "जखम भरत नाही त्यायची."

मला कुणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

सरकारी दवाखान्यात सुखदेवभाऊंनीच नेलं. डॉक्टर तरुण होत्या. मी पुडीतलं बोंड त्यांच्या टेबलावर ठेवलं, नाव सांगितलं. त्यांनी जखम धुतली. यशोदाबाईंनी ओठ दातांत धरले.

"महिनाभर चिखलात पाय घालायचा नाही," डॉक्टर म्हणाल्या. "रोज ड्रेसिंग. शुगर वाढली तर पुढचं मी सांगू शकत नाही."

"महिन्यानं रोवणा कोन्ता राहीन, बाई?" यशोदाबाई म्हणाल्या. मग एकदम ताठ झाल्या. "प्रतिभा, साळूनं नेला तो पाला."

"बांधाले?"

"भाजीले. म्हणे, भाऊ अपाय नाही म्हणाले ना."

प्रतिभा आणि मी साळूबाईंच्या घरी धावलो. पाला निवडून, चिरून परातीत ठेवला होता. लसूण सोललेला होता. तेल तापायचं बाकी होतं. प्रतिभाने परात उचलून उकिरड्यावर उलटी केली.

"अवं, काहून फेकून राहिली?" साळूबाई ओरडल्या. "घंटाभर निवडली मी!"

तोवर आजूबाजूच्या बाया जमल्या. टोळीतल्याच होत्या. मी पुडी उघडून बोंड तळहातावर घेतलं आणि दाखवलं. हे फळ असलेला पाला तोडू नका, बांधू नका, खाऊ नका. एवढं बोललो.

"पन हा पाला सांगितला कोनं?" कुणीतरी विचारलं.

मी तोंड उघडलं. प्रतिभा आधी बोलली. "आईनंच आणला. नजर चुकली त्यायची."

माझा तळहात तसाच पुढे होता. बाया फळाकडे बघत होत्या, साळूबाई एकट्या माझ्याकडे. मी काही बोललो नाही. दुपारच्या बसने निघालो.

पुण्यात येऊन महिना झाला. मोथ्याच्या चार फळांपैकी तीन ओळखली, चौथ्यावर काम सुरू आहे. तलाव अप्रतिम आहे, जाऊन या. दोन दिवसांचा खर्च प्रवासासकट दोन हजारांच्या आत बसतो.

जखम भरतेय, हळू. रोवणा यशोदाबाईंशिवाय झाला, पुढे साळूबाई होत्या. हे मी दर रविवारी फोन करून विचारतो म्हणून कळतं. मागच्या रविवारी मी म्हणालो, मावशी, तुम्ही बायांना नंतर तरी खरं का सांगितलं नाही? त्या म्हणाल्या, "तुमी पाव्हणे. पाव्हण्याचं नाव कोन घेते?" मग म्हणाल्या, "आता बाया पाला विचाराले येत नाही. बरंच झालं. पाय लांब करून बसतो."

त्या हसल्या नाहीत.

म्हणून इथे लिहितो. नाव मी सांगितलं होतं, फळ न पाहता. नजर यशोदाबाईंची चुकली नाही, त्यांनी तर विचारलं होतं. हा मजकूर छापण्याआधी प्रतिभाला पाठवला आणि बायांना वाचून दाखव अशी विनंती केली. काल तिचा निरोप आला. निंदणाच्या दुपारच्या सुट्टीत, धुऱ्यावर, सगळ्यांना वाचून दाखवला. यशोदाबाईही काठी टेकत आल्या होत्या. वाचून झालं. मग साळूबाईंनी विचारलं,

"मंग आमच्या समोर उभे होते, तवा काहून नाही बोलले?"