भोंगाकाकीची जळती गाणी

भोंगाकाकीला चहात साखर नसली तरी चालायची, पण गाण्यात कोणाचं तरी काळीज जळायलाच हवं.

एकोडीत आमच्या धानाच्या रोवण्याला, म्हणजे भातलावणीला, ती पंधरा बायांची टोळी घेऊन यायची. चिखलात उतरण्याआधी ब्लूटूथचा भोंगा पन्नीत गुंडाळून धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, काठीला टांगायची. मग दिवसभर सिनेमातली पेटलेली गाणी. कोणाच्या छातीत आग, कोणाच्या नजरेत निखारे, आणि खाली आम्ही गुडघाभर चिखलात! 'दिल' शब्द आला की बायांचे हात भरभर चालत. बाबा एकदा म्हणाले, भजन लावा. काकी म्हणाली, "भजनानं हात जोडल्या जाते भाऊ, रोवणा नाही होत."

मग त्यात इंग्रजी रॉक शिरलं. काकीची मुलगी वैशाली मोबाइलच्या कार्डात भरून आणायची. गिटारचा कल्लोळ, ड्रमचा दणदणाट आणि घसा फाटेस्तोवर ओरडणारा गडी. बाया हसून हसून हातातले पऱ्हे, भाताची रोपं, चिखलात सोडायच्या. मी कॉलेजात जाणारी, म्हणून अर्थ मला विचारला. मी सांगितलं, काळजाला आग लागली, विझवू नका म्हणतो. काकी रोपांची पेंढी सोडता सोडता म्हणाली, "ते तं मले समजलंच होतं. जीव जळल्याबिगर मानूस असा बोंबलते काय?"

ही गाणी भरून देणारा मोहाडीचा एक मुलगा होता. लग्नाच्या बँडात ड्रम वाजवणारा, दुसऱ्या जातीचा. वैशालीनं त्याच्याशीच लग्न करायचं ठरवलं, तेव्हा काकीचे दीर म्हणाले, पोरीला कोंडून ठेव. काकीनं दोन दिवस भोंगा बंद ठेवला. तिसऱ्या दिवशी दिरांना म्हणाली, "दोन साल त्याच्याच गाण्यावर रोवणा केला मी. आता त्यालेच दारातून हाकलू? मले नाही जमत." आणि भंडाऱ्याला जाऊन लग्नाच्या कागदावर साक्षीदार म्हणून स्वतः सही करून आली.

गावानं मग इंगा दाखवलाच. यंदा तिच्या टोळीला कोणी बोलावेना. गाण्यांवर डुलणाऱ्यांनीही तोंड फिरवलं. आमच्या बाबांनी साकोलीकडची दुसरी टोळी आणली. मला बाबांशी यावर बोलायचं होतं. रोज जेवताना शब्द ओठांवर यायचे आणि मी मुकाट्यानं वरण वाढून घ्यायची. माझी मलाच लाज वाटत होती. काकीनं पोरीसाठी अख्खं गाव अंगावर घेतलं, आणि माझ्याच्यानं घरात एक वाक्य बोलवत नव्हतं. रोवणा गपगुमान चालला होता. नव्या बाया यायच्या, वाकायच्या, लावायच्या आणि जायच्या.

शेताची शेवटची बांधी लावून झाली त्या संध्याकाळी मी बाबांशी भांडले. चांगली भांडले. बाबा ताटावरून उठून गेले. मी तशीच काकीला फोन लावला. तोवर ती एकोडीचं घर बंद करून मोहाडीला पोरीकडे कायमची राहायला गेली होती.

"काकी, मी बाबाशी भांडली. तुह्यासाठी."

"काहून वं, आता?" ती म्हणाली. "रोवणा तं झाला."

पण फोन तिनं ठेवला नाही. मग विचारलं, "जेवली काय तू?"